पाळण्याच्या खाली वाकून पाहा

प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा आहे. त्यांच्या गावातल्या, आता हयात नसलेल्या एका माजी मंत्र्यांचे बालपणीचे घर वारसांनी ट्रस्टला बक्षीसपत्र करून दिले आहे. पाच खणांचे, मातीच्या भिंतींचे घर. मूळ वस्तू चारच उरल्यात: जाते, पाळणा, तांब्याचे घंगाळ आणि शाळेच्या दिवसांतली पत्र्याची पेटी. थोडा सरकारी निधी मिळेल अशी आशा आहे. समितीतले बाकीचे म्हणतात, जुन्या बाजारातून सामान आणून घर भरून टाकू. गुरुजींचा प्रश्न असा, की तसे केले तर ते खोटे ठरेल का, आणि नाही केले तर रिकामे घर बघायला येणार कोण?

गुरुजी, दोन्ही भीती खऱ्या आहेत. मी २६ वर्षे जुनी घरे दुरुस्त करते आणि त्यांत संग्रहालये मांडते. त्यातली पाच-सहा राजकारणातल्या माणसांची होती. बाजारातून सामान आणण्यात पाप नाही. पाप आहे ते आणलेले सामान ‘साहेबांचे’ म्हणून दाखवण्यात. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे हे कळायला आधी परदेशातली दोन घरे सांगते. तुमच्यापुढे जो पेच आहे तोच त्यांच्यापुढेही होता, आणि दोघांनी तो अगदी उलट्या तऱ्हेने सोडवला.

अमेरिकेत बॉस्टनला लागून ब्रुकलाइन नावाचे गाव आहे. तिथे बील्स स्ट्रीटवर ८३ नंबरचे एक साधे लाकडी घर आहे. जोसेफ आणि रोझ केनेडी १९१४ मध्ये लग्नानंतर तिथे राहायला आले. २९ मे १९१७ रोजी त्याच घरात वरच्या मजल्यावर जॉन जन्मला, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९२० मध्ये कुटुंब जवळच्याच मोठ्या घरात गेले. हे घर विकले गेले, तिथे दुसरी माणसे नांदली. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली. मग १९६६ मध्ये कुटुंबाने घर परत विकत घेतले आणि रोझबाईंनी, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, ते १९१७ मध्ये जसे होते तसे उभे करायला घेतले.

मदतीला एक सजावटकार होता. पण मुख्य आधार होता तो बाईंच्या आठवणींचा. लग्नात आहेर म्हणून मिळालेला पियानो घरच्यांकडे होता, तो आला. झोपायच्या खोलीतले दोन पलंग आले, थोडी चांदीची भांडी आली. बाकीचे त्या काळासारखे दिसणारे सामान शोधून आणले, काही नव्याने करून घेतले. घरातली घड्याळे तीनवर थांबवून ठेवली, कारण जॉनचा जन्म दुपारी तीनला झाला होता. बाईंनी स्वतःच्या आवाजात प्रत्येक खोलीची हकिगत ध्वनिमुद्रित केली. त्यात त्या सांगतात, की खिडकीजवळच्या पलंगावर बाळंतपण झाले, डॉक्टरांना उजेड मिळावा म्हणून. २९ मे १९६९ रोजी घर देशाला अर्पण झाले. आज ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे.

आता यात खरे किती? शेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा भिंतीवरचा कागद कुठल्या रंगाचा होता, हे कुणाला नेमके आठवेल? म्हणून आज तिथले लोक ते घर १९१७ चे जितके मानतात तितकेच १९६७ चेही मानतात. मुलगा गमावलेल्या आईने मनात जपलेले घर, असे. पाहुण्यांना ते हे सांगतातही. मला ही तोड फार आवडते. बाजारातून आणलेले सामान तिथे भरपूर आहे, पण ते कुणी मांडले, केव्हा मांडले आणि का मांडले हे लपवलेले नाही.

दुसरे घर अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातले. अब्राहम लिंकन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी हॉजेनव्हिलजवळ एका ओंडक्यांच्या झोपडीत जन्मले. झोपडी केव्हाच नाहीशी झाली होती. १८९४-९५ च्या सुमारास एका धंदेवाईक माणसाने ती शेतजमीन घेतली, जवळपासचे जुने ओंडके जमवून झोपडी उभी केली आणि तीच लिंकनची म्हणून जत्रा-प्रदर्शनांतून फिरवली. १८९७ मध्ये नॅशव्हिल, १९०१ मध्ये बफेलो. दुसऱ्या एका नेत्याच्या, जेफर्सन डेव्हिसच्या म्हणवल्या जाणाऱ्या झोपडीचे ओंडकेही बरोबर फिरत होते, आणि वाटेत दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले असे सांगतात. पुढे लोकवर्गणीतून ते ओंडके विकत घेतले गेले. १९०९ मध्ये लिंकनच्या जन्मशताब्दीला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या हस्ते कोनशिला बसली, १९११ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते उद्घाटन झाले. ग्रॅनाइट-संगमरवराचे ग्रीक देवळासारखे स्मारक, ५६ वर्षांच्या आयुष्यासाठी ५६ पायऱ्या, आणि आत ती झोपडी. गाभाऱ्यात नीट बसावी म्हणून झोपडीच कापून लहान केली! २००४ मध्ये ओंडक्यांतली वाढीची वर्तुळे मोजली, त्यांवरून झाडाचे वय कळते, तेव्हा सगळ्यात जुना ओंडका १८४८ चा निघाला. म्हणजे लिंकन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. आज तिथे तिला ‘प्रतीकात्मक जन्मझोपडी’ म्हणतात. हा एक शब्द सुरुवातीपासून लावला असता तर शंभर वर्षांची नामुष्की टळली असती.

तुमच्या समितीला या दोन गोष्टी वाचून दाखवा.

आता पाळण्याकडे येते. आपल्याकडे म्हण आहे, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. नेत्याच्या बालपणाचे घर मांडणाऱ्याचा ही म्हण म्हणजे पहिला शत्रू. एकदा माणूस मोठा झाला की त्याच्या लहानपणातली प्रत्येक गोष्ट मोठेपणाची चाहूल वाटू लागते. टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? प्रत्येक समितीला आपल्या नेत्याची एक टरफलांची गोष्ट हवी असते, आणि नसली की ती तयार होते. एका गावात मला सांगितले, साहेब चौथीत असताना मामलेदारासमोर भाषण ठोकले होते. कुणी ऐकले होते? ‘सगळे म्हणतात.’ सगळे म्हणणारे तिघे भेटले, तिघेही साहेबांहून वीस-वीस वर्षांनी लहान.

गोष्टी टाकून द्या असे नाही. गोष्ट कुणी सांगितली ते लिहा, एवढेच. यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण घ्या. कराडच्या टिळक हायस्कुलात असताना, तू कोण होणार, या प्रश्नावर इतर मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली आणि त्यांनी लिहिले, मी यशवंतराव चव्हाण होणार. हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितले आहे. म्हणजे ही गोष्ट भिंतीवर लावताना ‘त्यांच्याच शब्दांत’ असे म्हणता येते. गावातल्या पारावरची गोष्ट असेल तर ‘गावात असे सांगतात’ हे तीन शब्द आधी. वाचणाऱ्याला दोन्ही आवडतात, आणि तो फसत नाही.

यशवंतरावांचेच आणखी एक सांगते, कारण तुमच्या पत्रात तुम्ही ‘जन्मघर’ आणि ‘बालपणीचे घर’ हे शब्द आलटून पालटून वापरले आहेत. ते १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्र्यात जन्मले. ते त्यांचे आजोळ. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते, त्यामुळे बहुतेक नेत्यांचे ‘जन्मघर’ हे मामाचे घर असते. बाळंतपण अवघड होते, आजीने सागरोबाला साकडे घातले, त्याने यश दिले म्हणून नाव यशवंत, असे त्यांनी लिहिले आहे. देवराष्ट्र्याच्या त्या घराचे खरे मोल इथे आहे: आजी, आई विठाई, मामा, सागरेश्वर, सोनहिरा ओढा. शाळा, चळवळ, तिरंगा लावल्याबद्दल १९३२ मध्ये झालेली अठरा महिन्यांची शिक्षा हे सगळे कराडचे. आणि कराडचा ‘विरंगुळा’ बंगला तर मंत्रिपदाच्याही नंतरच्या आयुष्याशी जोडलेला. देवराष्ट्र्यात संरक्षणमंत्र्यांचे रणगाड्यावरचे फोटो लावले, की आजी मागे पडते. गांधीजींचेही तसेच. जन्म पोरबंदरचा, पण सातेक वर्षांचे असताना कुटुंब राजकोटला गेले. शाळकरी मोहनदास पाहायचा तर राजकोटच्या ‘कबा गांधी नो डेलो’मध्ये जायला हवे, आणि तो वाडासुद्धा १८८०-८१ चा. तेव्हा तुमचे घर नेमके कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत साहेबांचे होते, हे आधी दोन आकड्यांत लिहून काढा. भिंतीवरचे सगळे त्या दोन आकड्यांच्या आत बसले पाहिजे. मंत्रिपदाला बाहेर सोप्यात एक फलक पुरे.

पोरबंदरचा उल्लेख आलाच आहे, तर रिकाम्या घराच्या भीतीबद्दल बोलू. गांधींच्या पणजोबांनी, हरजीवनदासांनी, १७७७ मध्ये घेतलेली ती हवेली. शेजारी १९५० मध्ये कीर्तिमंदिर उभे राहिले, नानजीभाई कालिदास मेहतांच्या पैशातून. गांधींच्या ७९ वर्षांसाठी त्याची उंची ७९ फूट. उद्घाटन सरदार पटेलांनी केले. सगळी भव्यता तिथे बाहेर आहे. मूळ हवेलीत मात्र जवळजवळ काहीच नाही. बुटके दरवाजे, अंधाऱ्या छोट्या खोल्या, अंगावर येणारे लाकडी जिने, आणि जन्माच्या जागी जमिनीवर एक स्वस्तिक. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा पाहिले, की लोक त्या रिकाम्या खोलीत आवाज आपोआप खाली आणतात. घंगाळ आणि कंदील मांडून ठेवले असते तर ‘आमच्या आजीकडे पण असला होता’ म्हणत पुढे गेले असते. खोली लहान आहे हे कळायला ती रिकामीच लागते.

तर माझे उत्तर असे: एक खोली भरा, बाकीच्या रिकाम्या ठेवा. भरायची ती माजघर आणि चूल. तिथे बाजारातून हवे तेवढे आणा: उतरंड, पाटा-वरवंटा, कणगी, फडताळ. कारण तिथे साहेबांचे सामान दाखवायचेच नाही, साहेबांच्या आईचा दिवस दाखवायचा आहे. पाच मुलांच्या भाकरी थापायच्या तर पहाटे किती वाजता जात्यावर बसावे लागे, पाणी कुठल्या आडातून यायचे, किती खेपा. ब्रुकलाइनच्या घरात मला सगळ्यात जिवंत वाटलेली गोष्टही आईचीच आहे. रोझबाई प्रत्येक मुलासाठी वेगळे कार्ड ठेवायच्या, त्यावर आजारपणे, लशी, वजन सगळे टिपलेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या पोराला लहानपणी कायकाय आजार झाले, हे त्या कार्डांमधून कळते. तुमच्या साहेबांच्या आईने कार्डे लिहिली नसतील. पण एखादी बहीण, भावजय, शेजारीण अजून असेल, तिला सगळे तोंडपाठ असेल. तिच्याकडे उद्या जा, म्हणजे उद्याच. पुरुषमंडळी साहेबांच्या सभा सांगतील, घर कसे होते ते बायका सांगतील. विचारताना ‘साहेब लहानपणी कसे होते’ असे विचारू नका, लगेच भाषण सुरू होते. चूल कुठल्या भिंतीला होती? पावसात कुठे गळायचे? कोण कुठे झोपायचे? असे विचारा. फोनवर ध्वनिमुद्रण करा, शेवटी तारीख आणि बोलणारीचे नाव तुमच्या आवाजात बोलून ठेवा. तो आवाज पुढे माजघरात ऐकवता येईल.

आठवणीची पडताळणी कागदाने करायची. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मिळते का पाहा. जन्मतारीख १ जून निघाली तर हुरळू नका, मास्तरांनी कितीतरी पोरांना त्याच दिवशी जन्माला घातले आहे. तुम्हीही घातले असेल. ग्रामपंचायतीत नमुना ८ चे जुने उतारे असतात, त्यात मालकाच्या नावाबरोबर घर मातीचे की विटांचे, वर कौल की पत्रा, असे वर्णन सापडते. एका ठिकाणी आम्ही मोठ्या हौसेने कौलारू छप्पर करणार होतो. जुना उतारा पाहिला तर ‘माळवद’, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाखभर रुपये वाचले आणि तोंडघशी पडणेही.

छपरावरून आठवले. मंगलोरी कौले जुन्या घराची खूण म्हणून लोक डोळे झाकून घालतात. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळुरात निघाला तो १८६५ मध्ये. टिळक रत्नागिरीत जन्मले १८५६ मध्ये आणि १८६६ मध्ये वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला गेले. म्हणजे त्या काळातले कोकणी घर नव्याने मांडायचे तर कुंभाराची नळीची कौले किंवा गवत, मंगलोरी नव्हे. तुमचे साहेब नंतरचे, तुम्हाला ही अडचण नाही. पण ज्यूटचा पडदा, प्लॅस्टिकची बादली, ट्यूबलाइटची पट्टी यांनाही हाच नियम लावा. मीटरचा पहिला अर्ज सापडला तर वीज घरात कधी आली ते कळेल.

आता वस्तू. तुम्ही लिहिले आहे की चारही ‘नक्की साहेबांच्याच’. माझा अनुभव ऐका. एका घरात असाच पाळणा होता, शिसवी, पितळी कड्यांचा. वारसांपैकी सगळ्यात मोठ्या काकूंनी छातीवर हात ठेवून सांगितले, साहेब यातच वाढले. आम्ही त्याला झेंडूची माळ घालून मधोमध टांगायचे ठरवले. साफ करायला उलटा केला, तर खालच्या पट्टीला दुकानाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला ठोकलेला. त्यावर सहा आकडी टेलिफोन नंबर. साहेबांचा जन्म झाला तेव्हा त्या पेठेत सहा आकडी तर सोडा, साधा टेलिफोन नव्हता. चौकशी केली, तर पाळणा त्यांच्या नातवाच्या बारशाला घेतलेला. काकू खोटे बोलत नव्हत्या. त्यांनी त्या पाळण्यात बाळ पाहिले होते, फक्त दुसरे.

मी चिठ्ठी लिहिली: ‘हा पाळणा साहेबांचा नाही, त्यांच्या नातवाचा आहे. साहेबांचा पाळणा होता की जुन्या लुगड्याची झोळी, हे आता कुणाला आठवत नाही.’ उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी ती काढली. मी परत लावली. सकाळी पुन्हा गायब. पाहुणे येऊन गेल्यावर तिसऱ्यांदा लावली, ती राहिली. आता तिथली माणसे सांगतात, की लोक त्याच पाळण्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात. हसतात, फोटो काढतात, आणि बाकीच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवतात. मला मोबदल्यातला शेवटचा हप्ता मात्र आठ महिन्यांनी मिळाला, त्यात या चिठ्ठीचा वाटा किती कोण जाणे.

चिठ्ठीची पद्धत साधी ठेवा. पहिला शब्द तीनपैकीच एक. ‘मूळ’ म्हणजे त्या घराने त्या दिवसांत वापरलेली आणि त्याला पुरावा असलेली वस्तू. ‘समकालीन’ म्हणजे तशीच, पण दुसरीकडून आणलेली. ‘प्रतिकृती’ म्हणजे आता करून घेतलेली. बाजारातून आणलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवहीत ओळ: कुठून, कधी, किती रुपयांना. दहा वर्षांनी समिती बदलते, तुम्ही नसता, मी नसते, आणि भंगारातून सहाशे रुपयांना आणलेला कंदील हळूहळू साहेबांचा अभ्यासाचा कंदील होतो. माझ्या डोळ्यांदेखत झालेला आहे. नोंदवही असली की निदान भांडता येते.

पत्र्याच्या पेटीत कागद असतील तर त्यांना हात लावण्याआधी एक विनंती. लॅमिनेशन करू नका. एका कुटुंबाने प्रेमाने शाळा सोडल्याचा मूळ दाखला लॅमिनेट करून आणला होता. प्लॅस्टिकचा गोंद कागदात मुरलेला, आत पिवळे डाग पडू लागलेले, आणि आता काढायला जावे तर शाई निघते. मूळ कागद सपाट, अंधारात, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. भिंतीवर चांगली रंगीत प्रत लावा आणि खाली ‘प्रतिकृती’ लिहा. मूळ दाखवायचाच असेल तर दिवा मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर नाही, आणि वर्षातून एखादा महिना.

घराबद्दल. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा हा ठेकेदाराचा पहिला प्रस्ताव असेल. तो नाकारा. मातीची भिंत श्वास घेते, जमिनीतला ओलावा चढतो तसा वाळतोही. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आत अडकते, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि भिंतीचा पाया आतून भुसभुशीत होतो. जमिनीवर चकचकीत फरशी आणि खाली सिमेंटचा कोबा टाकला तरी तेच, जमिनीची ओल भिंतीतून वर चढते. पांढरी माती, भुसा, शेण यांचाच लेप, वर चुन्याचा हात, दर दिवाळीला. तुळई बदलावी लागली तर नव्या लाकडाला जुने दिसावे म्हणून काळा रंग मारू नका, बाजूला छोट्या अक्षरांत वर्ष कोरा. पुढच्या माणसाला कळेल. आणि वाळवीचे औषध बसवायच्या आधी, नंतर नव्हे.

जमीन सारवायची की नाही, यावर तुमची समिती भांडेल. सारवा. पण त्यासाठी दर आठवड्याला यायला तयार असलेल्या एका बाईंचा पगार वर्षाच्या खर्चात धरा. हे न धरल्यामुळे मी तीन घरांत सारवलेली जमीन उद्घाटनाला आणि शहाबादी वर्षाभरात पाहिली आहे. निधी बांधकामाला मिळतो, सारवणाला मिळत नाही. पुतळ्याचे पैसे वाचवा, त्यात दहा वर्षे सारवण निघेल.

कागदपत्रांचे थोडे कंटाळवाणे, पण टाळू नका. बक्षीसपत्र नोंदणीकृत आहे का, सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, बहिणींच्या आहेत का? बहिणी बहुतेक वेळा राहतात आणि मग पाचव्या वर्षी नोटीस येते. राज्य संरक्षित स्मारक व्हावे म्हणून अर्ज करणार असाल तर ध्यानात घ्या, की त्यानंतर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. ते वाईट नाही, पण गळके छप्पर परवानगीची वाट पाहत नाही, म्हणून दुरुस्ती आधी. आणि राहत्या घराचे संग्रहालय करताय, तर वापर बदलाची परवानगी. हसू नका, हे लंडनमध्ये आपल्याच राज्याला भोवले आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले, त्याच नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण राहत्या वस्तीत संग्रहालय चालवायची परवानगी कॅम्डेनच्या नगरपालिकेने नाकारली. अपील झाले, चौकशी झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये तिथल्या मंत्र्यांनी परवानगी दिली तेव्हा प्रकरण मिटले. तुमच्या गल्लीत सहलीची बस वळणार आहे का? नसेल तर शेजाऱ्यांशी आत्ताच बोला, बस गावाबाहेर थांबेल असे ठरवा. आणि स्वच्छतागृह घराच्या भिंतीला चिकटून नको, परड्याच्या टोकाला.

आगीचे साधन आणि रात्रीचा राखणदार हेही लिहून ठेवा. नेत्याचे घर म्हटले की त्यावर कुणाचा तरी राग असू शकतो. ब्रुकलाइनच्या घराला १९७५ मध्ये, काळ्या-गोऱ्या मुलांना एकाच शाळेत आणणाऱ्या बसवरून बॉस्टनमध्ये रण पेटले होते तेव्हा, कुणीतरी आग लावली. स्वयंपाकघराचा भाग जळाला. राग त्या बसची बाजू घेणाऱ्या एडवर्ड केनेडींवर, जॉनच्या धाकट्या भावावर होता, जळली त्यांच्या आईची चूल.

कोण येणार, हे तुम्ही विचारले होते. पहिल्या वर्षी पुढारी येतील, हार घालतील, जातील. नंतर येतील त्या तुमच्याच तालुक्यातल्या शाळा. त्या पोरांना घरात घेऊन सांगणारे माणूस हवे, आणि ते तुम्ही असाल असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. त्यांना जाते फिरवू द्या. मूळ जाते नाही, समकालीन आणा एक, तेवढ्यासाठीच. मूठभर जोंधळे टाकून पाच मिनिटे ओढले की कुणीतरी नक्की विचारेल, रोज एवढे दळायच्या? मग त्या पोरांना साहेबांची आई सांगा. साहेब मागून येतीलच.

निधीचा अर्ज आत्ता पाठवू नका. आधी घराचे मोजमाप, प्रत्येक भिंतीचे फोटो, बायकांची ध्वनिमुद्रणे आणि नमुना ८, एवढे महिनाभरात करा, मग अंदाजपत्रक मी बघून देते, त्याचे पैसे नकोत. आणि पाळण्याचा जो फोटो तुम्ही पाठवलात तो समोरून आहे, माळेसकट. माळ काढून, उलटा करून, कड्या आणि खिळे दिसतील असा दिवसाउजेडी एक काढून पाठवा.